वाचक विचारतात : जळणासाठी चेनसॉ कोणता घ्यावा?

उन्हाळा सरत आला की पावसाळ्याच्या जळणाची घाई सुरू होते आणि चेनसॉविषयीची पत्रेही त्याच सुमारास येऊ लागतात. सातारा-सांगलीकडच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : बांधाला वेडी बाभूळ माजली आहे, चार-पाच देशी बाभळीही आहेत. चूल आणि बंबापुरते जळण तोडायचे आहे. एक दुकानदार ५८ सीसीची, २२ इंची बारची मशीन घ्या म्हणतो. दुसरा १६ इंची दाखवतो आणि ती महाग आहे. मोठी मशीन स्वस्तात मिळत असेल तर लहान का घ्यावी? (ता. कवठेमहांकाळ)

उत्तर : दुकानात जाण्याआधी टेप घेऊन बांधावर जा. बुंध्याचा घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. घेर ३० इंच भरला तर जाडी साडेनऊ इंच. बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी. नेहमी कापायच्या जाडीपेक्षा बार दोन इंच लांब असला की पुरे. वेडी बाभूळ सहसा चार ते दहा इंचांची असते, म्हणून १६ इंची बार आणि ३५ ते ४५ सीसीचे इंजिन तुम्हाला भरपूर झाले. एखादा जाड बुंधा निघालाच तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो.

मोठ्या मशीनचा तोटा रोजच्या कामात कळतो. २२ इंची चेनला साधारण ४३ कापणारे दाते असतात, १६ इंचीला २८ च्या आसपास. दर वेळी तेवढे दाते कानसायचे आहेत. बार लांब म्हणजे चेन ओढायलाच इंजिनाची जास्त ताकद जाते आणि हलक्या पंपाचे ऑइल टोकापर्यंत नीट पोचत नाही. मग बार टोकाशी तापून निळा पडतो. वजन वाढते ते वेगळेच.

सगळ्यात वाईट म्हणजे काटेरी जाळीत लांब बारचे टोक दिसत नाही. टोकाचा वरचा पाव भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. चेनसॉचे भयंकर अपघात बरेचसे असेच होतात. म्हणून चेन ब्रेक, म्हणजे पुढच्या मुठीसमोरची ढाल, चालतो की नाही हे दुकानातच पाहा. ढाल पुढे ढकलल्यावर चेन हाताने ओढली तरी हलता कामा नये.

५८ सीसीची मशीन चिंचेचे किंवा आंब्याचे दीड-दोन फुटी ओंडके रोज फाडणाऱ्या ठेकेदाराने घ्यावी. तुमच्या शेजाऱ्याने ती घेऊन ठेवलीच असेल तर तिला १८ इंची बार बसवायला सांगा. तिची चेन बहुधा ०.३२५ पिचची असते (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधले अंतर, इंचांत) आणि १८ इंचीला ७२ कड्या लागतात. मात्र पिच, बारच्या खाचेची रुंदी आणि बार बसवायची जागा हे तिन्ही जुळले पाहिजे. आकडे बारच्या मागच्या टोकाला कोरलेले असतात.

स्टिकरवरचे सीसी पाहण्यापेक्षा कार्बुरेटरचा डायफ्राम (रबराचा पातळ पडदा), स्टार्टरची स्प्रिंग आणि क्लचचा ड्रम सांगली-मिरजेत मिळतो का, हे विचारा. मशीन वर्षभराने बंद पडते ती यांपैकीच एखाद्यापायी. उरलेल्या पैशांत जाळीचे हेल्मेट, कानावरचे मफ आणि जाड तळाचे बूट घ्या. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. धोतर, लुंगी, गळ्यातला टॉवेल यांना या कामात जागा नाही.

प्रश्न : ओंडके घरामागच्या शेडात आणून टाकले आहेत, तिथेच तोडायचे आहेत. विजेवरची मशीन चालेल का? (ता. वाळवा)

उत्तर : चालेल, आणि या कामाला ती पेट्रोलवरच्या मशीनपेक्षा बरी. दोरी ओढणे नाही, धूर नाही. १८०० ते २००० वॅटची, १६ इंची घ्या. २००० वॅटला सुमारे ९ अँपिअर लागतात, म्हणून बोर्डावर १६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि एक्स्टेंशनची वायर निदान २.५ चौरस मिलिमीटरची. पंख्याच्या बारीक वायरवर चालवली की वायर गरम होते, व्होल्टेज पडते आणि मोटरचा वास येऊ लागतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येत असेल तर मोटरची ताकद साठ टक्क्यांवर येते. अशा वेळी दाबून कापले की मोटर जळते. सकाळी काम करा. चेनला ऑइल हिलाही लागते, हे बरेच जण विसरतात.

बॅटरीवरच्या सहा इंची छोट्या मशीनचेही दोन वाचकांनी विचारले आहे. द्राक्षाच्या जुन्या वेली, शेवगा, तीन-चार इंची फांद्या यांपुरती ती ठीक. ओंडक्याला लावू नका.

प्रश्न : पुस्तिकेत एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल लिहिले आहे, मेकॅनिक ४० मिली टाका म्हणतो. कोणाचे ऐकू? (ता. कराड)

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. २० मिली म्हणजे ५० ला १, हे प्रमाण कंपनीने सांगितलेल्या चांगल्या प्रतीच्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचे. साधे टू-टी वापरणार असाल तर २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. ऑइलची बाटली पाहून ठरवा. मोजायला औषधाच्या बाटलीचे झाकण नको, मापाची बाटली घ्या. चारचाकीचे इंजिन ऑइल यात अजिबात चालत नाही. ऑइल कमी पडले की पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि मशीन जाम होते. जास्त पडले तर प्लग काळा होऊन धूर निघतो, पण इंजिन वाचते. चुकायचेच असेल तर जास्तीकडे चुका.

आधी निम्मे पेट्रोल, मग ऑइल, कॅन हलवा, मग उरलेले पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि रबराचे डायफ्राम कडक करते. बऱ्याच जुन्या मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. म्हणून मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पुढच्या वर्षी “दोरी ओढून खांदा गेला” ही तक्रार येणार नाही.

प्रश्न : नवी चेन दोन दिवसांत कापेनाशी झाली. भुसा पिठासारखा पडतो, आणि काप सरळ न जाता एका अंगाला वळतो. चेन खराब निघाली का? (ता. माण)

उत्तर : चेन खराब नसावी. पिठासारखा भुसा म्हणजे धार गेली. धारदार चेन जाडसर ढलप्या फेकते आणि मशीनच्या वजनानेच लाकडात उतरते. तुम्ही ओंडका जमिनीवर ठेवून कापत असाल तर कारण तेच. काप संपताना टोक मातीला लागले की क्षणात धार जाते. वाळलेल्या बाभळीची साल मातीने भरलेली असते, तीही तेच काम करते. लाकडाची घोडी करून तिच्यावर ओंडका ठेवा आणि साल आधी कोयत्याने झाडून घ्या. बांधावरच्या झाडात जुनी तार गाडलेली असते, तीही पाहा. पुढची चेन घेताना गोलसर कोपऱ्याच्या दात्याची, म्हणजे सेमी-चिझल मागा. चौकोनी कोपऱ्याची चेन स्वच्छ ओल्या लाकडात झरझर जाते, पण आपल्याकडच्या सुक्या, मातकट बाभळीत टिकत नाही.

धार घरी लावता येते. ०.३२५ पिचला ४.८ मिमीची गोल कानस, तीन-अष्टमांश इंच पिचच्या लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दात्याच्या चेनला ४ मिमीची. बार वाइसमध्ये किंवा बुंध्याच्या खाचेत घट्ट बसवा, चेन जरा ताणून ठेवा. सगळ्यात झिजलेला दाता शोधून तिथून सुरुवात करा. कानस ३० अंशांत धरा, त्याची रेघ दात्यावरच असते. कानसेचा पाचवा भाग दात्याच्या वर दिसला पाहिजे. फक्त पुढे ढकलायची, दात्याच्या आतून बाहेर, आणि परत आणताना उचलायची. मागेपुढे घासली की कानसही जाते आणि दाताही. प्रत्येक दात्याला तीन किंवा चार घास, मोजून, सगळ्यांना सारखे. एका बाजूचे झाले की फिरून दुसऱ्या बाजूचे.

तुमचा काप वळतो त्याचे कारण बहुधा इथेच आहे. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू सोयीची पडते, तिथे जोर जास्त लागतो. एका बाजूचे दाते लांब आणि धारदार, दुसरीकडचे आखूड. मग काप धारदार बाजूकडे ओढला जातो. दाते सारखे करूनही वळत असेल तर बार उभा करून सपाट फरशीवर गुण्याने तपासा. एका बाजूची कड झिजली असेल तर तो कलतो. चेन उतरवाल तेव्हा बार दर वेळी उलटा फिरवून बसवा, खाचेतला भुसा आणि ऑइलचे भोक साफ करा, म्हणजे झीज सारखी होते.

दात्यापुढे जो लहान उंचवटा असतो त्याला लोक विसरतात. दाता किती खोल चावणार हे तो ठरवतो. चार-पाच वेळा धार लावली की दाता खाली येतो, उंचवटा तसाच राहतो, आणि चेन धारदार असूनही नुसती घसरते. तो दात्यापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. त्याची पट्टी मिळते, ती ठेवून वर आलेला भाग सपाट कानसेने घासा. अंदाजाने घासू नका. जास्त खाली गेला तर चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन हिसके देते. दाता ४ मिमी उरला की चेन टाकून द्या. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही (चेन फिरवणारे दातेरी चाक) बदला, नाहीतर जुने स्प्रॉकेट नवी चेन खाते.

चेनचा ताण गार असताना पाहा. बारच्या मधोमध चेन वर ओढल्यावर कडीचे टोक अर्धे बाहेर यावे, खाचेतून सुटू नये. गरम चेन सैल दिसली म्हणून ताणली असेल तर काम संपल्यावर ढिली करा. गार होताना ती आवळते आणि बेअरिंगवर ताण येतो.

प्रश्न : चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचे जळके ऑइल चालते का? (ता. तासगाव)

उत्तर : चालवतात सगळे, चालत नाही. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो पंपाला खातो. शिवाय ते पातळ झालेले असते, टोकापाशी चेनवरून उडून जाते आणि कापणाऱ्याच्या कातडीवर, श्वासात जाते. चेन ऑइल नसेल तर नवे २०डब्ल्यू-४० घाला. पेट्रोलची एक टाकी संपताना ऑइलची टाकी जवळजवळ संपली पाहिजे. तशीच भरलेली असेल तर भोक तुंबले आहे.

प्रश्न : बांधावरचा आंबा वठला आहे. तो तोडायला परवानगी लागते का? (ता. जावळी)

उत्तर : लागते. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, हिरडा, मोह, खैर ही झाडे आहेत. स्वतःच्या जमिनीतलीही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड वठलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल तर परवानगी मिळण्यात सहसा अडचण येत नाही, पण अर्ज आधी करावा लागतो. ७/१२ आणि झाडाचे फोटो जवळ ठेवा. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी या यादीत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी हे २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे, त्या बाजूला जमीन असेल तर आधी विचारून घ्याच.

प्रश्न : हळद शिजवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जळण लागते. केव्हा तोडून ठेवावे? (ता. मिरज)

उत्तर : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि तोडताच मापाचे तुकडे करून टाका. ओली बाभूळ चेनला मऊ जाते, वाळल्यावर तीच दगड होते. अख्खे ओंडके रचून ठेवले तर सालीमुळे आतला ओलावा चार महिन्यांतही निघत नाही. सहा इंचांवरचे सगळे तुकडे पाचर-कुऱ्हाडीने उभे फोडा. खाली दोन वासे किंवा दगड ठेवून रास जमिनीपासून चार इंच वर घ्या. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चारी बाजू गुंडाळल्या की आत बुरशी येते. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या की जळण तयार. आवाज बद्द आला तर ते अजून ओले आहे. असे लाकूड हळदीच्या कुकरखाली घातले की त्याची बरीच उष्णता स्वतःचे पाणी उडवण्यातच जाते आणि वाफ धरायला उशीर होतो.