संगीतिका रचण्याआधी ‘रिगोलेत्तो’ उघड

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

मराठीत संपूर्ण संगीतिका रचायची आणि त्यासाठी इटालियन संगीतकार ज्युझेप्पे व्हेर्दीचा (१८१३–१९०१) नीट अभ्यास करायचा, हा तुझा बेत मनापासून आवडला. कुठून सुरुवात करू, असं विचारलं आहेस. त्याचे सगळे ऑपेरे एकामागून एक ऐकत सुटू नकोस. ‘रिगोलेत्तो’ हे एकच काम घे आणि ते मुळापासून कसं उभं राहिलं ते बघ. त्याचा पत्रव्यवहार, संपूर्ण कच्चा आराखडा आणि पूर्ण स्कोअर (सगळ्या गायकांची आणि वाद्यांची स्वरलिपी) असं तिन्ही उपलब्ध आहे. इतकी सोय फार थोड्या कलाकृतींची असते.

चरित्र वाचशीलच, पण तारखा तपासत वाच. दोन मुलं आणि पत्नी दोन-अडीच महिन्यांत गेली, असं उतारवयात त्यानेच सांगितलं होतं. प्रत्यक्षात मुलगी ऑगस्ट १८३८ मध्ये गेली, मुलगा ऑक्टोबर १८३९ मध्ये आणि पत्नी मार्गेरिता जून १८४० मध्ये. मिलानच्या संगीतशाळेने १८३२ साली त्याला नाकारलं, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्याचं वय प्रवेशाच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धतही परीक्षकांना पटली नाही. तुझ्या उपयोगाचं आहे ते त्यानंतरचं. बुसेतोचे व्यापारी आंतोनियो बारेझी यांच्या पैशांवर तो संगीतशिक्षक विन्चेन्झो लाविन्या यांच्याकडे शिकला, आणि तिथे मुख्यतः कॅनन आणि फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकमेकांच्या मागून गुंफणाऱ्या रचना, लिहीत राहिला. पुढे चार पात्रं एकाच वेळी चार वेगळ्या भावना गातात तरी गोंधळ होत नाही, ती या रियाजाची पुण्याई.

आता ‘रिगोलेत्तो’. कुबडा विदूषक रिगोलेत्तो एका म्हाताऱ्याची टर उडवतो आणि म्हातारा त्याला शाप देतो; पुढे आपल्या मुलीला फसवणाऱ्या ड्यूकला मारायला तो मारेकरी नेमतो, पण पोत्यात निघते त्याचीच मुलगी. व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहासाठी ठरलेलं काम, आधार व्हिक्तोर ह्यूगोच्या नाटकाचा, संहिता फ्रान्चेस्को मारिया पियावेची. पहिलं नाव होतं ‘शाप’. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य होतं; डिसेंबर १८५० मध्ये ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मग पियावेने सौम्य केलेली प्रत तयार केली, तिच्यात नायकाचं कुबड नाही आणि प्रेत ठेवायचं पोतंही नाही. व्हेर्दीने ती साफ नाकारली. फ्रान्सच्या राजाचा मान्तुआचा ड्यूक झाला, पात्रांची नावं बदलली, हे मात्र त्याने चालवून घेतलं. कुबड, पोतं आणि शाप यांना हात लावू दिला नाही. नाटक कशावर उभं आहे हे त्याला लिहिण्याआधीच पक्कं माहीत होतं, म्हणून कुठे नमतं घ्यायचं तेही कळलं. तूही तुझ्या कथेतल्या अशा तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर मांड.

तो शाप संगीतात कुठे बसलाय ते बघ. प्रस्तावनेत ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन एकच स्वर, ‘सी’, तुटक लयीत पुन्हापुन्हा वाजवतात. पुढे रिगोलेत्तो म्हाताऱ्याचा शाप आठवतो तेव्हा त्याच स्वरावर, त्याच लयीत पुटपुटतो. चाल म्हणावी असं तिथे काहीच नाही, एक स्वर आणि एक लय, बस्स. लगेच भाडोत्री मारेकरी भेटतो. तिथे धून दिली आहे आवाज दाबलेल्या एका चेलोला आणि एका डबल बासला, आणि दोघे गायक तिच्यावर जवळजवळ बोलतात. सौदा हळू आवाजातच व्हायचा! हे पान हाताने उतरवून काढ. दहा वेळा ऐकून कळणार नाही ते एकदा उतरवताना कळेल.

कामाचा क्रम असा होता. आधी प्रवेशवार गद्य आराखडा. ‘मॅकबेथ’चा (१८४७) तर त्याने स्वतःच लिहून पियावेला दिला. मग पद्य, आणि शब्द कमी कर म्हणून सतत तगादा. प्रसंग एका झटक्यात उघडा करणारा शब्द हवा, त्यासाठी यमक आणि वृत्त मोडलं तरी चालेल, असं ‘आयदा’ या नंतरच्या ऑपेऱ्याच्या वेळी त्याने संहिताकाराला बजावलं. आपल्याकडे १८८० च्या ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी बऱ्याचशा प्रचलित चालींवर पदं बांधली. ती वाट समृद्ध आहे, पण तिथे चाल आधी असते. तुला संगीतिका करायची आहे, म्हणून आधी शब्द.

त्यानंतर दोन-तीन ओळींच्या स्वरपट्टीवर अख्ख्या कृतीचा सलग कच्चा आराखडा. मग सांगाड्याचा स्कोअर: गायकांच्या ओळी, खालचा बास (खर्जातली ओळ) आणि अगदी आवश्यक तेवढी वाद्यं. यावरून नकलनवीस गायकांच्या प्रती काढत आणि पाठांतर सुरू होई. पूर्ण वाद्यमेळ भरला व्हेनिसला पोचल्यावर, तालमी चालू असताना. प्रयोग ११ मार्च १८५१ ला झाला. नवशिके नेमकं उलटं करतात. पहिल्याच गाण्याचा वाद्यमेळ सजवत बसतात, आणि तिसऱ्या अंकाशी पोचल्यावर कळतं की ते गाणंच काढायला हवं. तेवढी मेहनत केल्यावर काढवत नाही, आणि नाटक लंगडतं.

चाल वापरायची कशी, तेही इथेच शीक. ‘ला दोन्ना ए मोबिले’ हे ड्यूकचं गाणं लोक सुटं गुणगुणतात, पण तिचा खरा उपयोग शेवटी आहे. ड्यूकचं प्रेत समजून रिगोलेत्तो पोतं ओढतोय आणि लांबून त्याच ड्यूकच्या आवाजात तीच चाल ऐकू येते. चाल उथळ आणि चटकन लक्षात राहणारी असल्याशिवाय हा घाव बसलाच नसता. त्याच अंकातल्या वादळात पडद्यामागचे पुरुष मिटल्या तोंडाने वाऱ्याचा आवाज काढतात, तेही ऐक.

फसतं कुठे, ते त्याच्याच ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेऱ्याकडून शीक. मार्च १८५३ चा पहिला प्रयोग पडला. क्षयाने खंगलेल्या नायिकेच्या भूमिकेत गायिका प्रेक्षकांना पटली नाही, टेनरचा (उंच आवाजाच्या पुरुष गायकाचा) घसा बसला होता, बॅरिटोनचा (मध्यम आवाजाच्या गायकाचा) आवाज उतरणीला लागला होता. व्हेर्दीने दुसऱ्या-तिसऱ्या अंकातले काही भाग, विशेषतः नायिका व्हायोलेत्ता आणि तिच्या प्रियकराचे वडील जेर्माँ यांचं द्वंद्वगीत, सुधारले. मे १८५४ मध्ये व्हेनिसमध्येच, दुसऱ्या नाट्यगृहात आणि नव्या गायकांसह, प्रयोग गाजला. म्हणून पात्रनिवड आणि लेखन दोन्ही तपास. नुसता गायकांवर ठपका ठेवून मोकळा होऊ नकोस.

कराराकडेही लक्ष दे. परवानगीशिवाय काटछाट केली किंवा पट्टी बदलली तर नाट्यगृहाला १००० फ्रँक दंड, अशी अट त्याने १८४७ मध्ये प्रकाशक रिकोर्दीला घालायला लावली होती. तुझ्या पहिल्या करारात रक्कम तुझ्या बेताची टाक, पण अट टाकच.

पुढच्या पत्रासोबत एकही स्वर पाठवू नकोस. प्रवेशवार आराखडा पाठव, एका प्रवेशाला जास्तीत जास्त पाच ओळी. प्रत्येक प्रवेशाखाली कोणाला काय हवं आहे आणि कोण आडवं येतं तेवढं लिही. पाच ओळींत बसणार नाही तो प्रवेश आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
हितचिंतक