हलणारा कठडा, पांढरं पडलेलं पॉलिश

प्रश्न : चाळीतल्या आमच्या खोलीत पोटमाळ्यावर जायला जुना सागवानी जिना आहे. कठड्याचे दोन गज सैल झालेत, एकाला उभी चीर गेली आहे. सुताराने खिळे मारले, सहा महिन्यांत पुन्हा तेच. काय करावं?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : गजांना हात लावण्याआधी तळाचा मुख्य खांब दोन्ही हातांनी हलवून बघा. तो डुलत असेल तर गज कितीही घट्ट बसवा, सुटणारच. खांब आणि जिन्याची बाजूची फळी यांतून आरपार भोक पाडून 10 मिमीचा नट-बोल्ट दोन्हीकडे वॉशर घालून आवळा. खांबाच्या बुंध्यात दाभण सहज घुसलं, तर मात्र लाकूड कुजलंय. तिथे बोल्ट धरणार नाही. खालचा भाग कापून नवा सांधावा लागेल आणि ते सुताराचंच काम.

आता खिळे. खिळ्याने गजाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, फाटतं. शिवाय मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तो गंजतो आणि भोवतालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. जंबुराने खिळे उपसा. कुसवावरचा जुना सरस पार खरवडा, त्यावर नवा धरत नाही. सागवान तेलकट असतं, म्हणून जोड थिनरने पुसून वाळू द्या. फट मोठी असेल तर सागाचीच पातळ चिपटी घाला आणि अराल्डाइट (दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सी गोंद) वापरा; फेविकॉल फट भरून काढत नाही. गज निघतच नसेल, तर जोडाशी 3 मिमीचं तिरकं भोक पाडून सिरिंजने अराल्डाइट सोडा. ट्यूब मिसळण्याआधी कोमट पाण्यात ठेवल्या की ते पातळ होतं.

चिरेत फेविकॉल मरीन पोस्टकार्डाच्या कडेने आतपर्यंत सारा. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, 24 तास सोडू नका. गज आडवा मोडला असेल तर जोडत बसू नका, नवाच घाला.

हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट वाटलेला जोड थंडीत सैल होतो.

प्रश्न : जुलैत कठड्याला लाखेचं पॉलिश केलं, पांढरट डाग आले. खरवडावं का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नको. ओल अडकलीय. कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं मलमल झपाझप फिरवा, बहुतेक डाग जातील. एका जागी घासलंत तर पॉलिशच निघेल.