आधी स्वतःचं घर मोजू दे

साखळीजवळच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलंय. ते लिहितात: "माझा चिरे आणि रेती पुरवायचा धंदा आहे, दोन ट्रक आहेत. मुलगा बारावी सायन्सला, गणितात हुशार. मी म्हणतो, फार्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल कर. तो म्हणतो, आर्किटेक्चरच करणार. गावच्या नाट्यमंडळाबरोबर नेपथ्याच्या मदतीला म्हणून पणजीच्या कला अकादमीत गेला आणि तेव्हापासून डोक्यात ती इमारत उभारणारे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया शिरलेत. मी धंद्यात रोज आर्किटेक्ट बघतो. सही करतात, पंचायतीत प्लॅन पास करून देतात, विषय संपला. कोरिया अमेरिकेत शिकलेले, तसे एक-दोनच होतात. शिवाय पोराची चित्रकला बेताची. त्याला कसं समजावू?"

नमस्कार.

समजावायचं कुणाला ते मागाहून ठरवू. सहीबद्दल तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. त्यामुळे त्या सहीला किंमत आहे, आणि काही जण जन्मभर तेवढीच वसूल करत बसतात. पण तुमच्याकडे चिऱ्याची ऑर्डर येते तेव्हा भिंत कुठे येणार हे ठरून गेलेलं असतं. ती तिथेच का, दोन हात मागे का नाही, यात जे महिने गेले ते तुम्हाला दिसायचं कारणच नाही. मुलाला कला अकादमीत नेमकं तेच दिसलं असणार.

कोरियांचं कुटुंब मूळचं गोव्याचं. जन्म १९३०चा, सिकंदराबादचा. मुंबईत सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. १९५८ साली मुंबईत स्वतःचं ऑफिस. इथवर तुमचं बरोबर, असं शिक्षण त्या काळी फार थोड्यांच्या आवाक्यात होतं. पण परत आल्यावर त्यांनी जे बांधलं त्यात अमेरिका शोधावी लागते. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय हे त्यांचं अगदी सुरुवातीचं मोठं काम. सहा मीटर बाय सहा मीटरच्या खोल्या, विटांचे खांब, वर कौलं, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा. काही खोल्या बंद, काही नुसत्याच छपराच्या, मध्ये पाण्याचा चौक. १९६३ साली नेहरूंनी उद्घाटन केलं, तेव्हा कोरिया बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते.

त्यांचीच मुंबईतली कांचनजंगा इमारत बघा. ३२ घरांची, ८४ मीटर उंच. मुंबईला वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला, म्हणून सगळ्यांना खिडक्या तिकडे हव्यात. पण दुपारचं तापलेलं ऊन आणि आडवा पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा गुंडाळून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आभाळात नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे बगीचे कोरले, ऊनपाऊस तिथेच अडतो आणि घर आत राहतं. आता तुमच्या घराची पडवी आठवा. मृगाआधी तिथे माडाच्या झावळ्यांचे झाप बांधता, ते कशासाठी? मधल्या राजांगणात तुळस आहे, तिथून उजेड येतो आणि घरातली गरम हवाही तिथूनच निघून जाते. कोरियांना आयुष्यभर याच गोष्टींचं वेड होतं: पडवी, चौक, आभाळाखालची मोकळी जागा. तुमच्या पोराने या अभ्यासक्रमातली सतरा वर्षं फुकटात करून ठेवली आहेत, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

कला अकादमीचं मी जरा लांबण लावणार, कारण माझी कॉलेजची वर्षं तिथल्या पायऱ्यांवर गेली. कांपालच्या रस्त्यावरून तुम्ही छपराखाली शिरता आणि दार असं लागतच नाही. सरळ चालत राहिलात की समोर मांडवी. तिकीट काढा नाहीतर काढू नका, नदी सगळ्यांची. इमारत मुद्दाम बुटकी ठेवलीय. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बाजूच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी रंगवलेली माणसं सज्जात बसून नाटक बघतात. एकदा आमच्या प्रयोगाला मोजून चाळीस प्रेक्षक होते, पण रंगमंचावरून नाट्यगृह रिकामं वाटलं नाही. मुलाने विंगेतून तेच पाहिलं असेल. त्याला विचारा तरी.

आता तुमच्या बाजूने बोलतो. कला अकादमीचं काम १९७३ ते १९८३ चाललं, कांचनजंगाचं १९७० ते १९८३. एकाच साइटला दहा वर्षं चिरे टाकायचे, असं गिऱ्हाईक तुम्ही घ्याल का? हा धंदा असा संथ आहे. बांधलेलं टिकेल याचीही हमी नाही. अहमदाबादचं 'ट्यूब हाउस', म्हणजे तापलेली हवा उतरत्या छताखालून वर सरकून झरोक्यातून निघून जाईल असं अरुंद, स्वस्त घर, पुढे पाडलं गेलं. बेलापूरला त्यांनी आठ-आठ मीटरच्या अंगणाभोवती सात-सात घरं मांडली, लोकांना गरजेप्रमाणे वाढवता यावीत म्हणून भिंती सामाईक ठेवल्या नाहीत. लोकांनी इतकी वाढवली की मूळची थोडीच उरलीत. (मला यात कोरियांची हार दिसत नाही, पण मतं वेगळी असू शकतात.) आणि २०२३च्या जुलैत नूतनीकरण चालू असताना कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, ते तर तुम्ही वाचलंच असेल. पद्मविभूषण, ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक, सगळं मिळालेल्या माणसाच्या इमारतींची ही कथा.

पैशाचं सरळ सांगतो. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, हे पाच वर्षांचं, त्यात एक सत्र कुठल्यातरी ऑफिसात प्रत्यक्ष काम. पदवीनंतरची पहिली वर्षं पगार बेताचा. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिलं वर्षभर संडास-बाथरूमच्या फरशा कागदावर बसवल्या. वैतागून सोडून गेला, आठ महिन्यांनी परत आला, आज त्याचं स्वतःचं ऑफिस आहे. जे परत येत नाहीत तेही पुष्कळ. कॉलेजात रात्री जागून मॉडेल करायचं आणि सकाळी ज्युरीने दोन मिनिटांत ते बाजूला सारायचं, हे ज्याच्या मनाला फार लागतं त्याने इकडे येऊ नये. मुलाचा स्वभाव तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

चित्रकलेची मात्र काळजी नको. कोरिया सांगत, की लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं आणि रूळ कसे टाकायचे याचे आराखडे ते काढत बसायचे. सूर्यास्त सुंदर काढता येतो की नाही, हा इथे प्रश्नच नाही. जागा डोक्यात फिरवता आली पाहिजे. चतुर्थीला तुमच्या घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी कोण बांधतं? तो बांधत असेल आणि चौकट वर चढवण्याआधी काय कुठे लोंबेल हे त्याला दिसत असेल, तर माझ्या लेखी तो पास आहे. 'नाटा' या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेतला चित्रांचा भाग सरावाने येतो.

दोन्ही दारं उघडी ठेवा. फिजिक्स आणि गणित दोन्हीकडे लागतंच, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा आणि नाटा एकाच वर्षी देता येतात. पणजीत आल्तिनोला गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे, १९८२पासूनचं. जागा मोजक्या. त्या वर्षीची पात्रता आणि टक्के पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपत्रकातच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. सिव्हिल करून मग आर्किटेक्ट होता येईल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्यासाठी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

कोरियांवरचे व्हिडिओ आता पुरेत. एका रविवारी पर्वरीजवळ तोर्ड्याला जा, जेरार्ड द कुन्हा यांनी जहाजाच्या आकाराचं 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय बांधलंय ते बघ. आपल्याच घरांविषयी आहे. मग ट्रकमधली मोजपट्टी काढ आणि स्वतःचं घर मोज. सोपा, माजघर, राजांगण, पडवी. ग्राफपेपर नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालेल. उत्तर दिशा दाखव. सकाळी आठला आणि दुपारी चारला ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मार आणि ती रेघ कागदावर उतरव. आजी दुपारी कुठे आडवी होते, तेही लिही. ती तिथेच का झोपते हे कळलं, की तुला वारा कळला. हे करताना कंटाळा आला तर खुशाल फार्मागुडीला जा, मी नावं ठेवणार नाही.

पहिला नकाशा जुळणार नाही. भिंतींची जाडी धरायला सगळेच विसरतात, मग चार खोल्या एकमेकींना जोडल्या की घर अंगणात उतरतं. चिरा किती रुंद आणि गिलावा धरून भिंत किती होते, ते बाबांना विचार. चुकलेला कागद फाडू नकोस. भेटायला येताना दोन्ही आण, आणि बाबांनाही.