ग्रब फसला? आधी डिस्कवर लिहिणं थांबव

घाबरू नकोस. ग्रब (मशीन चालू झाल्यावर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) टाकताना गडबड झाली म्हणजे फायली गेल्या असं नाही. डिस्कची मांडणी नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये 446 बाइट बूट कोड, 64 बाइट पार्टिशन टेबल (डिस्कचे कोणते भाग कुठे आहेत याची नोंद) आणि 2 बाइट खूण असते. ते टेबल पुसलं गेलं की डिस्क रिकामी दिसते, पण डेटा जागच्या जागी असतो. सातबारा हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही.

विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारेल, तेव्हा नाहीच म्हण. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू कर आणि डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढ. मूळ कुठली, नवी कुठली हे आकार बघून दोनदा तपास. वेळ लागेल, तरी हे टाळू नकोस.

मग टेस्टडिस्क, म्हणजे हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्राम. क्विक सर्चमध्ये नाही सापडलं तर डीपर सर्च. पार्टिशन दिसलं की 'पी' दाबून फायलींची यादी बघ. ओळखीची फोल्डरं दिसली तरच 'राइट' करून टेबल परत लिही. जीपीटी (एमबीआरनंतरची नवी पद्धत) डिस्क असेल तर टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, जीडिस्क हा प्रोग्राम ती परत आणू शकतो.

ग्रब परत टाकायचा तो सगळ्यात शेवटी. एमबीआर डिस्क असेल तर एसडीए (अख्खी डिस्क) निवड, एसडीए1 (तिचं एक पार्टिशन) नव्हे.