वाचकांचे प्रश्न : समलिंगी विवाह, न्यायालय आणि संसद

समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाल्यावर बरीच पत्रे आली. त्यांत नुसती सहमती कळवणारी थोडी होती, रागाची काही होती, पण खरोखर काही विचारणारी सर्वांत जास्त होती. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला नकार दिला, पुढे पुनर्विलोकनाची याचिकाही फेटाळली. मग हा विषय कायद्याच्या दृष्टीने संपला असेच समजायचे ना? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : न्यायालयापुरता तो तूर्त मिटला आहे, संपलेला मात्र नाही. ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. वर्तमानपत्रांतून ‘तीन विरुद्ध दोन’ असे आल्यामुळे दोन न्यायमूर्ती समलिंगी विवाहाच्या बाजूने होते असा पुष्कळांचा समज झाला. तो चुकीचा आहे. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेने दिलेला नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील शब्दांना न्यायालयाने नवा अर्थ देऊन तो समलिंगी जोडप्यांना लागू करू नये, या दोन्ही मुद्द्यांवर पाचही जणांचे एकमत होते. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला स्त्री किंवा पुरुष म्हणून भिन्नलिंगी जोडीदाराशी प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हेही पाचही जणांनी मान्य केले.

फाटा फुटला तो पुढे. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांच्या मते अशा जोडप्यांना विवाह नव्हे, पण ‘सहजीवन’ म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे आणि सरकारने ती दिली पाहिजे. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह यांनी एकत्र राहण्याचे आणि हिंसेपासून संरक्षण मिळण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र त्या नात्याला कायदेशीर दर्जा देण्याचे बंधन न्यायालय सरकारवर घालू शकत नाही, असे म्हटले. पुनर्विलोकनाच्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

आता आपल्या प्रश्नाकडे. या निकालाने समलिंगी विवाहाला बंदी घातलेली नाही; हे काम कायदेमंडळाचे आहे, एवढेच सांगितले आहे. संसदेने उद्या दुरुस्ती केली तर हा निकाल तिच्या आड येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही. कायद्याच्या लेखी ते नातेही नाही. अशा अधांतरी अवस्थेत ही माणसे आज आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार पाच वर्षांपासून पुण्यात एकत्र राहतात. दोघांनी मिळून फ्लॅट घेतला आहे. ओळखीचे वकील म्हणतात, मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा, म्हणजे लग्नाने जे मिळते ते सगळे मिळेल. मग लग्नासाठी एवढा अट्टहास कशाला? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : आपले पत्र वाचून प्रथम एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या मुलाने मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अविवाहित मुलाच्या फ्लॅटमधील हिश्शाच्या पहिल्या वारस आपणच आहात. आई पहिल्या वर्गातील वारस असते, वडील दुसऱ्या वर्गात येतात. जोडीदार मात्र कोणत्याच वर्गात येत नाही, मग त्याने गृहकर्जाचे हप्ते कितीही वर्षे भरलेले असोत. आपण त्या जोडीदाराला आपला मानता हे पत्रावरून दिसते. पण त्याच्या हिश्शाच्या बाबतीत त्याच्या घरचे लोक आपल्यासारखेच वागतील का, याचा विचार आजच करायला हवा.

मृत्युपत्र अवश्य करावे. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू व्यक्तीला मृत्युपत्राने कोणालाही देता येते, त्यासाठी दोन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवणे शहाणपणाचे असते. मात्र वकील महाशयांनी नॉमिनी आणि मृत्युपत्र एका दमात सांगितले, तेथे सावध राहावे. नॉमिनी हा मालक नसतो. बँकेने किंवा संस्थेने पैसे वा ताबा कोणाकडे सोपवायचा एवढेच नामनिर्देशनाने ठरते. मालकी वारसांकडे किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितले आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत पुन्हा सांगितले. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी लावण्यास आडकाठी नसल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘हक्क मिळाले’ अशा बातम्या आल्या. खरे तर ती आडकाठी कायद्यात पूर्वीही नव्हती.

भविष्य निर्वाह निधीत तर नॉमिनीसुद्धा मनासारखा लावता येत नाही. सभासदाला ‘कुटुंब’ असेल तर नामनिर्देशन त्या कुटुंबातील व्यक्तीच्याच नावे व्हावे लागते, बाहेरच्याच्या नावे केलेले अवैध ठरते, आणि पुरुष सभासदाच्या कुटुंबाच्या व्याख्येत पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील अशी माणसे आहेत. म्हणजे आपण मुलावर अवलंबून असाल, तर त्याला त्या अर्जावर जोडीदाराचे नाव लिहिताच येणार नाही.

उद्या दोघांपैकी एकाने आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायचा म्हटला, तर काय होईल? महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिले तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. या दोघांना ते खरेदीखताच्या दराने भरावे लागेल, म्हणजे लाखांत जाईल. वर प्राप्तिकराचा प्रश्न आहेच. नातेवाइकाने दिलेली भेट करमुक्त असते, परक्याकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर ते उत्पन्न धरले जाते, आणि हे दोघे कायद्याने परके आहेत. या भेदाला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

रुग्णालयातील प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर लांबण लावत नाही. शस्त्रक्रियेच्या संमतीबाबत डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पती किंवा पत्नी, आईवडील, पालक आणि स्वतः रुग्ण यांचा उल्लेख आहे, जोडीदाराचा नाही. अवयवदानात पती-पत्नी ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. इतरांना आपुलकीपोटी अवयव देत असल्याचे प्राधिकार समितीपुढे पटवून द्यावे लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्याविषयी सुचवले, पण जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. ज्या घराने दहा वर्षे तोंड पाहिले नाही, ते घर त्या दिवशी उपलब्ध असते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

तेव्हा कागद करावेत, सगळे करावेत. पण त्यांतील प्रत्येक कागद दुसऱ्या कोणी हरकत घेतली की सिद्ध करत बसावा लागतो आणि काही ठिकाणी तर कागद करण्याची सोयच नाही. विवाहाच्या एका नोंदीने परका माणूस नातेवाईक होतो आणि मग डझनभर कायदे आपोआप त्याला ओळखू लागतात. अट्टहास असेल तर तो या ओळखीसाठी आहे.

प्रश्न : विवाह ही स्त्री आणि पुरुष यांच्यातील पवित्र संस्था आहे. मूठभर शहरी, सुखवस्तू लोकांच्या हौसेसाठी ती बदलायची का? समाजाच्या मताला काही किंमत आहे की नाही? शिवाय घरोघरी जाणाऱ्या मासिकाने असले विषय छापावेत का? (एक वर्गणीदार, अहिल्यानगर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील अशाच प्रश्नोत्तरांवरून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर खटला झाला होता आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. कर्वे तो खटला हरले. आम्हांला फक्त आपले रागाचे पत्र आले आहे, तेव्हा आमची तक्रार नाही.

‘शहरी’ हा शब्द केंद्र सरकारनेही न्यायालयात वापरला होता. त्याचे उत्तर सरन्यायाधीशांनी निकालपत्रात सविस्तर दिले आहे. न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत शहरातल्या लोकांची असते हे खरे. त्यावरून गावात अशी माणसे नसतात असे ठरत नाही. गावातला मुलगा वकील लावत नाही. त्याचे लग्न लावून दिले जाते, आणि त्याची किंमत तो व त्याहून जास्त ती मुलगी मोजते. या दुसऱ्या माणसाचा विचार विरोधकांच्या युक्तिवादात मला कधी आढळला नाही.

संस्था बदलायची का, या प्रश्नाला इतिहासाचा आधार घ्यावा लागतो. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधक कायदा करेपर्यंत येथील हिंदू पुरुषाला एकीच्या हयातीत दुसरी करणे कायदेशीर होते. तो कायदा धर्मात ढवळाढवळ करतो म्हणून उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, ते १९५१ मध्ये फेटाळले गेले. घटस्फोट, आंतरजातीय विवाह, मुलींचे लग्नाचे वय, या प्रत्येक वेळी ‘संस्था मोडेल’ हेच म्हटले गेले. हिंदू संहिता विधेयक रखडवले गेले, तेव्हा कायदामंत्री आंबेडकरांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. आज ज्याला आपण परंपरेने चालत आलेला विवाह म्हणतो, तो बऱ्याच अंशी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत कायद्याने घडवलेला आहे.

आपल्या आक्षेपातील एक भाग मात्र मला वजनदार वाटतो : हा निर्णय कोणी घ्यावा? विशेष विवाह कायद्यात वराचे वय २१ आणि वधूचे १८ असे लिहिले आहे. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला उपलब्ध आहेत. वारसाहक्कासाठी तो कायदा दुसऱ्या कायद्यांकडे बोट दाखवतो. एक शब्द बदलला की दहा ठिकाणची शिवण उसवते, आणि ती पुन्हा घालण्याचे काम न्यायालयाने करू नये हे बहुमताचे म्हणणे मला पटते. पण मग ते संसदेने करावे. खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकात दोन्ही जोडीदार पुरुष असल्यास वय २१, दोन्ही स्त्रिया असल्यास १८, आणि पती-पत्नीऐवजी जोडीदार असा शब्द, अशा दुरुस्त्या सुचवल्या होत्या. म्हणजे कायद्याच्या भाषेची अडचण सोडवण्यापलीकडची नाही. सरकारने न्यायालयात ‘हे संसदेवर सोपवा’ म्हणायचे आणि संसदेत विषयच घ्यायचा नाही, याला मात्र समाजमताचा आदर म्हणता येत नाही.

शिवाय ही मागणी नोंदणी विवाहापुरती होती. कोणत्याही धर्माच्या विधींना वा व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, असे घटनापीठाने सुनावणीच्या आरंभीच स्पष्ट केले होते.

प्रश्न : समलिंगी जोडप्याला मूल दत्तक घेता येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जोडपे म्हणून नाही, कारण दत्तक विनियमांनुसार जोडप्याला किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. एकटी व्यक्ती मात्र दत्तक घेऊ शकते; एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. त्यामुळे कागदोपत्री मुलाचा पालक एकच राहतो आणि त्या पालकाचे काही बरेवाईट झाले, तर त्याच घरात मुलाला वाढवणाऱ्या दुसऱ्याचा त्याच्यावर हक्क उरत नाही. हा नियम सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांनी घटनाबाह्य ठरवला होता, पण ते मत अल्पमतात गेले.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. आमच्यातल्या अनेकींना लग्न ही मागणीच चुकीची वाटते. घरच्यांपासून पळून आलेल्या मुलीला आधी संरक्षण हवे असते, लग्नाचा दाखला नव्हे. आपण या बाजूकडे दुर्लक्ष केलेत. (नागपूर)

उत्तर : तक्रार रास्त आहे. घटनापीठासमोरच्या याचिकांपैकी काहींचा भर नेमका याच मुद्द्यावर होता. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि कोणालाही हरकत घेता येते. आंतरधर्मीय जोडप्यांना तिचा काच किती बसतो हे आपण पाहतोच. घरातून निघालेल्या दोन मुलींच्या बाबतीत ती नोटीस म्हणजे भावांना धाडलेला पत्ताच ठरेल. उद्या संसदेने फक्त ‘स्त्री-पुरुष’ हे शब्द बदलले आणि नोटीस तशीच ठेवली, तर सर्वांत जास्त गरज असलेल्यांना त्या दुरुस्तीचा उपयोग होणार नाही.

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका तरुणीची सुटका करताना, कुटुंब स्थापन करण्याचा विवाह हाच एक मार्ग नाही आणि आपण निवडलेली माणसेही कुटुंब असू शकतात, असे म्हटले. आपल्या मैत्रिणींना तो आदेश वाचायला द्यावा. त्याचबरोबर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १४ दाखवावे. बंडखोर मुलीला ‘डोके ठिकाणावर नाही’ म्हणून दाखल करण्याचा प्रकार आपल्याकडे होतो. या कलमानुसार कोणाही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर लिहून, खाली सही करून, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. असा कागद वेळ येण्यापूर्वी करून एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी.