टिकून राहण्यासाठी प्राण्यांनी साधलेलं सर्वांत आश्चर्यकारक अनुकूलन कोणतं?

रंग बदलणारा सरडा, उंटाचं कुबड, पानासारखा दिसणारा कीटक ही उत्तरं तुम्हाला भरपूर मिळतील आणि ती बरोबरच आहेत. पण मला विचाराल तर खरं नवल वाटतं ते स्वतःजवळचं काहीतरी गमावून तगणाऱ्या प्राण्यांचं. कुणी हृदय थांबवतं, कुणाचा मेंदू आक्रसतो, तर कुणी रक्तातलं हिमोग्लोबिनच घालवून बसलेलं असतं.

उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग मुठीत सहज मावेल एवढा बेडूक आहे. हिवाळ्यात तो खोल बीळ करत नाही, तळ्याच्या तळाशीही जात नाही. जंगलातल्या पालापाचोळ्याखाली बसतो आणि थंडी पडली की चक्क गोठतो. कातडीला बर्फ टेकला की काही मिनिटांतच त्याचं यकृत कामाला लागतं. साठवलेल्या ग्लायकोजेनचं ग्लुकोज, म्हणजे साखर, होतं आणि रक्तावाटे ते सगळ्या अवयवांत पोचतं. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत. पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पण आतल्या दाट साखरेमुळे पेशी पुरती सुकत नाही आणि तिच्या आत बर्फाचे स्फटिकही होत नाहीत. शरीरातल्या पाण्याचा साधारण 65 टक्के भाग बर्फ झालेला असतो. श्वास बंद, हृदय बंद, अंग दगडासारखं कडक.

अलास्कातले हे बेडूक शून्याखाली 18 अंशांपर्यंतची थंडी सोसून, सात महिन्यांपर्यंत गोठलेले राहून पुन्हा जिवंत झालेले नोंदवले गेले आहेत. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत एकदाच गोठवलेल्या बेडकांच्या अंगात एवढी साखर सापडली नाही. जंगलात हिवाळ्याच्या तोंडाशी रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं असं चक्र बरेच दिवस चालतं. दर वेळी गोठताना यकृत आणखी ग्लुकोज सोडतं, त्यामुळे खरा कडाका येईपर्यंत साठा भरपूर वाढलेला असतो. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

वसंतात आधी हृदय धडधडू लागतं, मग श्वास, मग पाय. आता एवढा जिवावरचा खेळ कशासाठी? बर्फ वितळून जंगलात डबकी साचतात. त्यांत अंडी खाणारे मासे नसतात, पण ती लवकर आटतात. जमिनीलगत बसलेला बेडूक इतरांच्या आधी जागा होऊन तिथे अंडी घालतो, म्हणजे डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला वेळ मिळतो.

दुसरा प्राणी आपल्या चिचुंद्रीचा युरोपातला नातेवाईक, कॉमन श्रू. वजन जेमतेम 5 ते 12 ग्रॅम. हा हिवाळ्यात झोपत नाही, स्थलांतर करत नाही, आणि काही तास खायला मिळालं नाही तर मरतो. मग तो स्वतःच लहान होतो, अगदी कवटीसकट. पोलंडचे प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट डेनेल यांनी 1949 मध्ये हे मांडलं. त्यावर एक शंका रास्त होती: मोठ्या डोक्याचे श्रू थंडीत मरून लहान डोक्याचे तेवढे उरत असतील तर? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मिटली. संशोधकांनी तेच तेच श्रू पुन्हा पुन्हा पकडून त्यांचे एक्स-रे काढले. कवटीची उंची हिवाळ्यात सरासरी 15 टक्क्यांनी घटली होती आणि वसंतात बऱ्याच अंशी भरून आली होती. कवटीबरोबर मेंदूही घटतो. मेंदू हा पोसायला फार महागडा अवयव, तो लहान झाला की खाणंही कमी लागतं. किंमत मात्र मोजावी लागते: अन्न शोधण्याच्या चाचणीत हिवाळ्यातल्या श्रूंना जास्त भटकावं लागलं.

गॅलापागोस बेटांवरचे सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रातलं शेवाळ खाणारे मोठे सरडेही असेच. एल निनोच्या वर्षी त्यांचं शेवाळ मरतं, तेव्हा त्यांच्या शरीराची लांबी दोन वर्षांत 20 टक्क्यांपर्यंत कमी होते. फक्त वजन नव्हे, लांबी! अन्न परत आलं की ते पुन्हा वाढतात.

चौथं उदाहरण थोडं वेगळं आहे. अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रात, जिथे पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत जातं, तिथे आइसफिश राहतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, त्यामुळे रक्त जवळजवळ पाण्यासारखं रंगहीन दिसतं. 1954 मध्ये नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान रूड यांनी याविषयी लिहिलं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, म्हणून नुसत्या रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर या माशांचं भागतं. त्यासाठी हृदय मोठं, रक्तवाहिन्या रुंद आणि रक्तही इतर माशांपेक्षा कितीतरी जास्त लागतं.

हिला निसर्गाची हुशार युक्ती म्हणायला मी तयार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओघात जनुकं बिघडली आणि त्या गार पाण्यात ते खपून गेलं, असंच मला जास्त पटतं. मोठं हृदय ही नंतरची भरपाई. बेडूक वितळतो, श्रूची कवटी भरून येते, इग्वाना पुन्हा लांब होतो. आइसफिशला मात्र परतीची वाट नाही. हिमोग्लोबिन बनवणारी जनुकं त्याच्याकडे आता धड उरलेलीच नाहीत, आणि समुद्र जसजसा तापेल तसतसा त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन कमी होत जाईल.

तरी एकच नाव हवं असेल तर माझं मत श्रूला.