मुलाचं डाव्या बाजूचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, आता उजवीकडंही होईल का?

ताई, तुमचा मुलगा दीड वर्षाचा, डाव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले की दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो, मग दोन्हीकडचं एकदमच का नाही केलं असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, तासगावची आहे, पण माझ्या मुलाचं अगदी असंच झालं, डावीकडचं सव्वा वर्षाचा असताना आणि उजवीकडचं नंतर दहा महिन्यांनी, दोन्ही मिरजेत, म्हणून लिहिते.

दुसऱ्या वेळी घरात सगळे डॉक्टरांवर चिडले होते, पैशासाठी दोनदा कापलं म्हणून. मी पण चिडले होते. तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं. बाळ पोटात असताना अंड वरून खाली पिशवीत उतरतं, त्याच्यासोबत पोटाच्या आतल्या पडद्याची एक नळी खाली येते, ती नंतर आपोआप बंद व्हायला पाहिजे. नाही झाली तर त्यातून आतडं जांघेत येतं, तोच हर्निया. डावी नळी आधी बंद होते, उजवी उशिरा, म्हणून पोरांना उजवीकडचा हर्निया जास्त असतो. आणि ज्याची लवकर बंद होणारी डावीच उघडी राहिली त्याची उजवी पण उघडी असायची शक्यता जास्त, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगितलं असणार.

पण उघडी नळी म्हणजे हर्निया नव्हे बरं का. लहान बाळांत दुसरी बाजू बऱ्याच जणांची उघडी असते, त्यातल्या कित्येकांची नंतर बंद होते, काहींची मोठेपणीपर्यंत तशीच राहते आणि कधीच काही होत नाही. एका बाजूचं ऑपरेशन झालेल्या 100 मुलांत साधारण 7 जणांना दुसरीकडं हर्निया येतो, पहिला डावीकडचा असेल तर 10 च्या आसपास. म्हणजे 90 जणांना काही होत नाही, आणि त्या 90 जणांची चांगली बाजू उगाच कापायची का? तिथं वीर्यनलिका आणि अंडाला रक्त नेणाऱ्या शिरा असतात, एवढ्याशा पोरात दोऱ्यासारख्या बारीक, त्यांना धक्का लागला तर भरून येत नाही. काही ठिकाणी दुर्बिणीतून दुसरी बाजू बघतात आणि उघडी दिसली तर तेव्हाच बांधतात, ते पण चुकीचं नाही, पण न केलेल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असं अजिबात नाही. माझा राग तिथंच गेला.

आता तुम्ही काय करायचं, तर आंघोळ घालताना आणि पोरगं जोरात रडत असताना उजवी जांघ बघायची. आमच्याकडं सासूबाईंना आंघोळीतच दिसलं. गाठ दिसली की लगेच मोबाईलवर फोटो काढा, कारण दवाखान्यात पोरगं शांत झालं की गाठ आत जाते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही, आमची पहिली फेरी अशीच वाया गेली. आला तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो.

गाठ मऊ आहे, आपोआप आत जातीय, तर एक-दोन दिवसांत दाखवा. पण गाठ कडक झाली, आत जाईना, लाल झाली, पोरगं रडायचं थांबेना, उलट्या व्हायला लागल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सकाळची वाट बघू नका. आतडं अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, अंडाला पण धोका असतो. जाताना दूध-पाणी पाजू नका, भूल द्यावी लागू शकते. आणि घरी कुणालाही गाठ दाबू देऊ नका, शेक नको, पट्टा नको, करदोड्यात नाणं बांधून हर्निया बसत नाही, हे आमच्याकडं मला हात जोडून सांगावं लागलं. मोठ्या माणसांसारखी जाळी मात्र पोरांना घालत नाहीत, नुसती नळी बांधतात, आमचं पोरगं दुसऱ्या दिवशी घरात पळत होतं.

जुना डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, दुसऱ्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आमच्याकडं पहिल्यांदा तेच मागितलं होतं.